फाटक्या आवाजाची गिटार

धोंडिराम बनसोडे फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा बैलगाडीत त्याच्या ट्रंकेशेजारी एक मोठं खोकं होतं. वर घोंगडं टाकून सुतळीनं आवळलेलं. ते साल त्र्याहत्तर. कुंडलपासून कोसभरावर आमची बौद्ध वस्ती, आणि वस्तीतलं कुणी फौजेतून आलं की सगळे गोळा व्हायचे. मी तर त्याच्या समोरच राहायचो. मी हरिबा. धोंडिरामची बायको जाईबाई हिची गायन पार्टी होती, तिच्यात मी ढोलकी वाजवायचो.

घोंगडं काढलं तर आत काळ्या रेक्झिननं मढवलेलं लाकडी कपाटासारखं काहीतरी. पुढं जाळी, वर चार-पाच बटणं. धोंडिराम म्हणाला, हे गिटारचं मशीन. रेजिमेंटच्या बँडात तो वाजवायचा. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नवं मशीन आलं तसं जुनं त्यानं मागून घेतलं होतं. गिटारही तिथलीच, तांबड्या रंगाची, कडा झिजलेली.

त्यानं वायर जोडली. लगेच काहीच झालं नाही. मग मागच्या बाजूनं आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर पेटत गेल्या आणि तापलेल्या धुळीचा वास आला. धोंडिरामची आई बाळाबाई वाकून बघत होती.

"ह्यात इस्तू हाय का रं?" तिनं विचारलं.

"इस्तूच म्हण आये. तापल्याबिगर बोलत न्हाई ते."

त्यानं तार छेडली. स्वच्छ, गोल आवाज आला, घंटेसारखा. माणसं हसली, माना डोलावल्या. मग त्यानं मोठं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि परत तार छेडली.

तो आवाज मला आजही सांगता येत नाही. कापड टरकावं तसा फाटलेला, पण कापड फाटून थांबतं आणि हा थांबेना. एकच सूर ताणत राहिला, घोगरा, दाटलेला, जणू कुणी छाती फुटेस्तोवर हाक मारतंय. कोंबड्या पत्र्यावर चढल्या. बाळाबाईनं कानावर हात ठेवले. बांधापलीकडं उसाला पाणी पाजणारा माणूस खोरं हातात घेऊन पळत आला, काय झालं म्हणून.

जाईबाई दारात उभी होती, हात पिठात भरलेले.

"फाटलाय त्यो आवाज," ती म्हणाली. "मशीन बिघडलंय तुमचं."

"बिघडलं न्हाई. ते असंच हाय," धोंडिराम म्हणाला. "मशीनची जेवढी ताकद तेवढा आवाज वाढतो. त्याच्याम्होरं वाढत न्हाई, मग फाटतो. पर फाटल्यावर किती वेळ टिकतो, बघ की."

जाईबाईबद्दल आधी सांगायला पाहिजे. धोंडिराम फौजेत होता तेवढ्या वर्षांत तिनं पार्टी उभी केली होती. तिचा बाप गाणी रचायचा, बाबासाहेबांची, शाळेची, विहिरीच्या पाण्याची. बाप गेला तरी गाणी तिच्या गळ्यात राहिली. सोपान पेटी वाजवायचा, मी ढोलकी, बाकी दोन-तीन कोरसला. जयंतीला, बारशाला, लग्नाला आम्ही जायचो. कुणाकडं लाउडस्पीकर असायचा, कुणाकडं नसायचा. तिला फरक पडायचा नाही. बापाच्या एका गाण्यात 'उजेड' असा शब्द होता. त्या शब्दावर ती वर चढायची आणि तिथंच उभी राहायची, ढोलकी थांबवून मीही ऐकत बसायचो. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ते ऐकू जायचं. असा गळा मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही.

धोंडिराम त्या पार्टीत आला. तिच्याच पार्टीत तो आला, हे लोक नंतर विसरले.

पहिलं वर्षभर तो मशीन कमीच ठेवायचा. तिच्या मागं स्वच्छ सूर धरायचा. गोड वाटायचं. पण त्याच्या डोक्यात तो दुसरा आवाज बसला होता. रिकामा वेळ मिळाला की घरात मशीन पूर्ण सोडायचा आणि वस्ती हादरवायचा. मग पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात महाबळेश्वरच्या एका हॉटेलात सीझनपुरता गिटारवाला हवा होता, म्हणून त्याला कुणी बोलावून नेलं. तिथं गोव्याचा एक गिटारवाला होता. त्याच्यापाशी पायानं दाबायची एक लोखंडी डबी होती. डबीच्या पोटात ट्रान्झिस्टरची चौकोनी बॅटरी आणि वर दोन बटणं. डाव्या बटणानं डबीच्या आतच आवाज फाटतो. उजव्या बटणानं तो किती जोरात मशीनकडं ढकलायचा ते ठरतं. त्या गोव्याच्या माणसाला थंडी सोसेना आणि धोंडिरामकडं फौजेचा जाड ओव्हरकोट होता. सीझन संपताना कोट तिकडं गेला आणि डबी इकडं आली. जाता जाता त्या माणसानं सांगितलं की डावं बटण शून्यावर ठेव, उजवं पूर्ण सोड. फाडायचं काम मशीनला करू दे, ते मशीनच गोड करतं.

डबी घेऊन आला तो थेट माझ्याकडं.

"हरिबा, आधीच भरून चाललेल्या पाटात आनखी पानी सोडलं तर काय हुतं?"

"काठावरनं सांडतं."

"पाटाची उंची वाढती का?"

"न्हाई."

"तसंच हाय हे. मशीन भरून चाललंय. डबी दाबली की आवाज मोठा हुत न्हाई, सांडतो. पर असा सांडतो गड्या, की बास."

पुढच्या जयंतीला वस्तीत मांडव पडला. पलीकडच्या गावातली मराठ्यांची माणसंही बांधावर येऊन बसली होती, हातात बिड्या. जाईबाईनं बापाचं गाणं सुरू केलं. कडवं संपलं, गिटारची पाळी आली आणि धोंडिरामनं डबीवर पाय दिला. मशीन आधीच पूर्ण सोडलेलं.

सूर निघाला तो थांबायचं नाव घेईना. एक तार दाबून त्यानं बोट नुसतं हलवलं तर सूर रडल्यासारखा थरथरला, मग खालून वर चढला, मग वरच राहिला. बाईमाणूस रडतं तसा. मांडवातली माणसं नुसती बघत बसली. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. एक म्हातारी उठून मशीनच्या मागं गेली, आत कोण बसलंय ते बघायला. गाणं संपल्यावर जे लोक उठले ते मांडव डोक्यावर घेऊनच.

त्यानंतर बोलावणी वाढली. पलूस, तासगाव, विटा, कऱ्हाड. येणारा माणूस आधी विचारायचा, ते फाटक्या आवाजाचं मशीन हाय ना? जाईबाईचं नाव नंतर घ्यायचे. ती तोंड वाकडं करायची नाही. पाण्यात हळद टाकून प्यायची, तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरायची. आधी ती धोंडिरामच्या डाव्या बाजूला उभी राहायची, मग उजव्या बाजूला गेली, मग स्टेजच्या अगदी टोकाला. भाड्यानं आणलेला माईक आणि खांबावरचे कर्णे तिचा आवाज लोकांकडं न्यायचे, तिच्याकडं परत काही यायचं नाही. तिच्या कानात फक्त मशीन असायचं. स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून ती आणखी जोर लावायची. शेजारी बसलेल्या मला तिच्या मानेच्या शिरा दिसायच्या.

एकदा कार्यक्रमाला निघताना ती म्हणाली, "आवं, ते जरा बारीक करा की. मला माझंच गानं ऐकू येत न्हाई."

"बारीक केलं की फाटत न्हाई," धोंडिराम म्हणाला. "मग त्यो आवाजच ऱ्हात न्हाई, जाई. लोकं त्याच्यासाठी येत्यात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं. ती पदर खोचून गाडीत चढली.

सत्त्याहत्तरच्या दसऱ्याला सांगलीत कार्यक्रम होता. धम्मचक्राचा दिवस, मैदान भरलेलं, उन्हं अजून उतरायची होती. आधीच्या आठवड्यात लागोपाठ कार्यक्रम झाले होते आणि सकाळपासून जाईबाई खुणांनीच बोलत होती. गाऊ नको म्हणून सोपान म्हणाला. तिनं मान हलवली.

तीन-चार गाणी झाली. मग बापाचं गाणं आलं. 'उजेड' शब्दावर ती वर चढायला गेली. तोंड उघडलं. मान वर गेली. आणि काहीच आलं नाही.

मी ढोलकीवर होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. नुसती हवा आली. फुंकणीतून येते तशी. ती परत प्रयत्न करायला लागली, परत हवा. तिचे डोळे मोठे झाले. तिनं हात गळ्याकडं नेला.

धोंडिराम डोळे मिटून वाजवत होता. तिचा सूर आला नाही हे त्याला कळलं नाही, किंवा ती थांबली म्हणून आपली पाळी आली असं त्याला वाटलं. त्यानं डबीवर पाय दिला आणि तिनं सोडलेल्या जागेवरून गिटारचा सूर वर गेला. अगदी तिथूनच. तिचाच शब्द, तिचाच चढ. मैदानातल्या लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. बाईनं अर्ध्यात सोडायचं आणि मशीननं उचलायचं. लोक उठून उभे राहिले, टोप्या उडाल्या. आणि जाईबाई माईकसमोर तोंड उघडं ठेवून उभी होती.

माझे हात थांबले. सोपाननं पेटीचा भाता सोडला. धोंडिराम तरी वाजवतच होता. शेवटी मी उठलो आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले. तेवढ्यात जाईबाई खोकली आणि तिनं पदर तोंडाला लावला. पदरावर लाल डाग होता.

लोक अजून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मिरजेला नेलं. गळ्याच्या डॉक्टरीणबाई होत्या, साठीच्या आसपासच्या, हळू बोलणाऱ्या. कपाळाला दिवा बांधून त्यांनी लांब दांडीचा आरसा जाईबाईच्या घशात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग हात धुतले आणि समोर बसल्या.

"गळ्यात आवाजाचे दोन पडदे असतात," त्या म्हणाल्या. "एकात रक्त उतरलंय. पण हे एका दिवसाचं नाही. त्याआधीच दोन्हीवर गाठी झाल्यात. या काय काम करतात?"

"गाते," धोंडिराम म्हणाला.

"गाऊन इतकं होत नाही. या ओरडत होत्या. वर्ष-दीड वर्ष तरी. कशावर ओरडत होत्या?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघत होतो. जाईबाईही खाली बघत होती.

"माझं मशीन हाय," धोंडिराम म्हणाला. "गिटारचं."

"किती मोठं लावता?"

"पूर्न."

त्यांनी ड्रॉवरमधून दोन दातांचा एक लोखंडी काटा काढला, टेबलावर आपटला आणि त्याच्या उजव्या कानापाशी धरला. "ऐकू येतंय?" तो म्हणाला, येतंय. मग त्यांनी काटा डाव्या कानापाशी धरला. धोंडिराम वाट बघत बसला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो.

"आता आपटा की," तो म्हणाला.

"मी आपटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यापलीकडं बसलो होतो आणि मलाही ती बारीक गुणगुण ऐकू येत होती. धोंडिरामनं हात वर करून डावा कान चाचपला, तो जागेवर आहे का ते बघावं तसा. त्याचा चेहरा असा झाला होता की मला तिकडं बघवेना. मशीन कायम त्याच्या डाव्या बाजूला असायचं. कमी ऐकू यायला लागलं तसं तो वाढवत गेला होता, आणि जाईबाई वाढवत गेली होती.

"यांनी सहा महिने एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही. बोलणं परत येईल. गाण्याचं मी सांगत नाही."

येताना एस.टी.त दोघं शेजारी बसले होते. तिला बोलायचं नव्हतं आणि त्याला बोलता येत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं मशीनवर पोतं टाकून ते खोलीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून ठेवलं. गिटार आढ्याला टांगली. पार्टी बंद झाली. सोपान एका बँड कंपनीत गेला, मी उसाच्या तोडीला जायला लागलो. जाईबाई घरात काम करायची, हवं-नको ते बोटांनी सांगायची, भांड्यावर चमचा वाजवून हाक मारायची. ती आपल्या उजव्या बाजूला राहील असा धोंडिराम वावरायचा, म्हणजे तिनं चमचा वाजवला तर त्याला ऐकू यावं. बाळाबाई एवढंच म्हणायची, "घरात मानसं हायती का न्हाईत, कळंना झालंय."

मुदत संपली तशी ती बोलायला लागली. आवाज आला, पण तो तिचा नव्हता. खरखरीत, मध्येच तुटणारा, जाडसर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दारातच थबकलो. ओळखीच्या माणसाच्या तोंडून परकं कुणी बोलावं तसं वाटलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडं होतो. धोंडिराम खाटेवर पडला होता. जाईबाई उठली, पोतं ओढून काढलं आणि मशीन वळवलं.

"ऱ्हाऊ दे ते," धोंडिराम म्हणाला.

"का?"

"मला न्हाई वाजवायचं."

"तुमी गप बसलात म्हनून माझा गळा माघारी येनार हाय व्हय?" ती म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "मी रागावली न्हाई असं समजू नका. मी लय रागावलीय. वाजवा."

त्यानं गिटार काढली. मशीन तापलं. त्यानं मोठं बटण जेमतेम सोडलं आणि एक-दोन तारा छेडल्या. स्वच्छ, बारीक सूर. डबीवर पाय दिला, सूर थोडा मोठा झाला, बाकी काही नाही. तो थांबला. "बघ. फाटत न्हाई," तो म्हणाला. "ह्याला मशीन पूर्न लागतं."

जाईबाई खाली बसली. डबीकडं बघत राहिली. मग हात पुढं करून तिनं डावं बटण, जे महाबळेश्वरपासून शून्यावरच होतं, ते फिरवलं. आवाज वाढला तसं उजवं बटण मागं ओढलं. काय होतंय ते ऐकायला तिनं मान तिरकी केली आणि दोन्ही बटणं अशी थोडी-थोडी हलवत राहिली. "वाजवा की," ती म्हणाली.

त्यानं तार छेडली. सूर फाटला. लांब गेला, थरथरला, टिकला. तोच आवाज. अगदी तोच नाही, थोडा पातळ, थोडा खरबरीत, पण लोक ज्याच्यासाठी यायचे तोच. आणि एवढा हळू, की बाहेर बाळाबाई शेळीशी काय बोलतेय ते मला ऐकू येत होतं.

धोंडिरामचा हात तारांवर थांबला. सूर आपोआप विरला. त्यानं डबीकडं पाहिलं, मग मशीनकडं, मग जाईबाईकडं. तिलाही कळलं होतं. तिचा हात अजून बटणावर होता आणि तो हलत नव्हता.

"हे हुतं हितं," धोंडिराम म्हणाला. "पहिल्यापास्नं हुतं."

त्यानं गिटार खाली ठेवली आणि बाहेर पडला. मी मागं गेलो. तो पाटापर्यंत चालत गेला आणि काठावर बसला, पाय पाण्यात, चपला न काढता.

"हरिबा, डबी दोन वरसं माझ्या पायाखाली हुती," तो म्हणाला. "जाईनं मला सांगितलं हुतं, बारीक करा म्हनून. मी म्हनलो, हुत न्हाई."

"तुला ठावं नव्हतं रं."

"बटन फिरवून बघायला काय ठावं असाया लागतं?"

उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथं बसलो.

पार्टी परत जाईबाईनंच उभी केली, मला आणि सोपानलाही बोलावून घेतलं. तिच्या भावाची मुलगी अंजना, वीस-बावीस वर्षांची, आवाज चांगला पण कोवळा. तिला जाईबाईनं बापाची सगळी गाणी शिकवली. स्वतः गाता येत नव्हतं, म्हणून बोटांनी हवेत चढ-उतार दाखवायची आणि चुकलं की मांडीवर थाप द्यायची. स्टेजवर ती मशीनशेजारी पाटावर बसायची. मशीनच्या बटणाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, धोंडिरामनंही नाही. अंजनाच्या मानेची शीर दिसली रे दिसली की ती बटण मागं ओढायची. गिटार गाण्याच्या खाली राहायची आणि कडवं संपलं की तेवढ्यापुरती वर यायची.

सगळ्यांना ते रुचलं नाही. पूर्वीसारखं छातीत बसत न्हाई, असं लोक म्हणायचे. काही गावांनी बोलावणं बंद केलं.

एकोणऐंशीच्या सुरुवातीला साताऱ्याजवळच्या एका मोठ्या गावात कार्यक्रम होता. बोलावणारे हंबीरराव म्हणून गावातलं वजनदार माणूस, उसाचे मळे असलेलं. त्यांनी पूर्वी कऱ्हाडला आमचा कार्यक्रम ऐकला होता आणि चार गावांत सांगितलं होतं की मशीन ऐकाल तर थक्क व्हाल. संध्याकाळची वेळ, पटांगण गच्च. दोन गाणी झाली. हंबीरराव स्टेजपाशी आले.

"मोठं करा की हो. मागं काही पोचत न्हाई."

धोंडिरामनं हात जोडले. "एवढंच हाय, साहेब."

"असं कसं? मी ऐकलंय ना." आणि ते स्टेजवर चढले. माणूस वाईट नव्हता, पाहुण्यांसमोर शब्द गेला म्हणून उतावीळ झाला होता. त्यांनी सरळ वाकून मशीनचं मोठं बटण शेवटापर्यंत फिरवलं. धोंडिरामचा हात तारांवरच होता. पटांगणभर तो जुना आवाज कडाडला आणि अंजना गाता गाता दचकली. मग तिनं आपसूक मान वर केली आणि जोर लावला. अगदी जाईबाईसारखा.

जाईबाईनं मशीनची वायर बोर्डातून उपटली. नळ्या विझत गेल्या. ती उठली, अंजनाच्या हातातून माईक घेतला आणि समोर उभी राहिली. सांगलीनंतर पहिल्यांदाच.

"मी जाईबाई बनसोडे," ती म्हणाली.

कर्ण्यांतून तो आवाज बाहेर पडला आणि पटांगण एकदम चिडीचूप झालं. तिला पूर्वी ऐकलेली माणसं त्यात होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. हंबीरराव जिथं होते तिथंच, मशीनवर हात ठेवून उभे.

"ह्यो माझा आवाज हाय आता," जाईबाई म्हणाली. मध्येच तो तुटला, तिनं थुंकी गिळली, परत सुरू केलं. "आदी असा नव्हता. तुमाला मोठं पायजे हुतं, म्हनून मी मोठं गायले. ते झालं. ह्या पोरीचा गळा मी दिनार न्हाई. ऐकायचं असंल तर बारीकच ऐकाया लागंल. नसंल तर आमी जातो."

मला वाटलं आता दगड येणार. मग पुढच्या रांगेतली ती बाई उठली. तिनं आपलं बसकूर उचललं, स्टेजच्या अगदी कडेला आणून टाकलं आणि बसली. मागं वळून म्हणाली, "अगं या की पुढं. हितनं ऐकू येतंय."

तिच्यामागनं दुसरी आली. मग बायकांची अख्खी रांग, मग पुरुष. सगळं पटांगण कपडे झटकत पुढं सरकलं आणि स्टेजला भिडून बसलं. मागचा अर्धा भाग मोकळा पडला. हंबीरराव खाली उतरले आणि त्या गर्दीत जागा मिळेल तिथं बसले. जाईबाईनं वायर परत लावली. मशीन तापेपर्यंत सगळे तसेच थांबले.

रात्रीचं जेवण त्याच गावात झालं आणि टेंपोतून आम्ही निघालो. जाईबाई आणि अंजना पुढं ड्रायव्हरजवळ. मागं मशीनला टेकून धोंडिराम आणि मी. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो, त्याला ऐकू यावं म्हणून.

"मला वाटलं, आता माझं नाव घेती," तो म्हणाला.

"न्हाई घेतलं."

"न्हाई घेतलं. तुमाला मोठं पायजे हुतं, म्हनली. त्या लोकांना म्हनली. हरिबा, त्या लोकांनी कवा मागितलं? मी ऐकवायच्या आदी त्यांना तसा आवाज असतो हेच ठावं नव्हतं."

"मग बरं झालं की."

त्यानं मान हलवली. "तिनं घ्यायला पायजे हुतं," तो म्हणाला. "मी तयार हुऊन बसलो हुतो."

नंतर तो पार्टीत कितीतरी वर्षं होता. डावा कान पूर्ण गेला, उजव्यावर भागवत राहिला. जाईबाईनं सांगलीच्या त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलणं काढलं नाही आणि त्यानंही काढलं नाही. अंजना अजून गाते.